टाकीत माणूस उतरण्याआधी हवा उतरली पाहिजे

मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळी भागातील एका गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रिया केंद्राची टाकी साफ करताना तीन कामगारांचा मृत्यू झाला. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या एका वसाहतीत तशाच टाकीने चार कामगारांचा बळी घेतला. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाडा येथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत उतरलेले चार कामगार दगावले. आणि ही टाकी सांडपाण्याची नव्हती, पाण्याची होती. अशा बातम्यांत ‘गुदमरून मृत्यू’ असे छापून येते आणि विषय तिथेच संपतो. टाकीतली हवा नेमकी कशी बिघडते, ती कशी बदलता येते आणि त्यासाठी लागणारे यंत्र प्रत्यक्षात कसे वापरायचे, हे मात्र सोसायटीच्या कार्यकारिणीपासून ठेकेदाराच्या मुकादमापर्यंत फारसे कोणाला नीट सांगितले जात नाही.

ते यंत्र म्हणजे हातात उचलून नेता येणारा हवेचा ब्लोअर. ठाणे आणि नवी मुंबईत त्याची गरज पावलोपावली पडते. घोडबंदर रस्त्यालगतच्या जवळपास प्रत्येक मोठ्या संकुलाला पिण्याच्या पाण्याच्या, अग्निशमनाच्या आणि सांडपाणी प्रक्रियेच्या अशा निरनिराळ्या भूमिगत टाक्या आहेत. खाडीकाठच्या सपाट जमिनीवर वसलेल्या वस्त्यांमध्ये सांडपाणी केवळ उताराने फार दूर नेता येत नाही, म्हणून ते खोल विहिरींत जमा करून पंपाने उचलावे लागते. महापे, रबाळे, तळोजा येथील कारखान्यांत जमिनीखालचे खड्डे आणि रसायनांच्या टाक्या आहेत, आणि रस्त्याखाली वीज व दूरध्वनीच्या केबलींचे चेंबर आहेत. (घणसोली–शिळफाटा किंवा ठाणे–बोरिवली यांसारख्या मोठ्या बोगद्यांची गोष्ट वेगळी. तिथे कायम बसवलेले अजस्र पंखे आणि लांबच लांब नळ असतात, आणि त्यांची आखणी अभियंते आधीच करून ठेवतात. इथे आपण बोलत आहोत ते अर्ध्या दिवसाच्या, एका ठेकेदाराच्या आणि चार माणसांच्या कामाबद्दल. माणसे बहुधा अशाच कामांत दगावतात.)

झाकणाखालची हवा बिघडते कशी

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. हे प्रमाण १९.५ टक्क्यांच्या खाली गेले की ती जागा माणसासाठी असुरक्षित मानली जाते. सोळा टक्क्यांच्या आसपास निर्णयशक्ती मंदावते आणि हालचालींतला ताळमेळ जातो. दहा टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. सहा टक्क्यांवर काही मिनिटांत मृत्यू येतो. यात सगळ्यांत घातक बाब अशी की ऑक्सिजन कमी पडत असल्याची जाणीव शरीराला वेळेवर होत नाही. आपल्याला गुदमरल्यासारखे वाटते ते मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. तो साठत नसेल आणि केवळ ऑक्सिजन कमी असेल, तर माणसाला धाप लागण्याआधीच त्याचे पाय लटपटतात आणि शिडीवरचा हात सुटतो.

बंद टाकीतला ऑक्सिजन जातो कुठे? मैल्याच्या गाळातले सूक्ष्मजीव तो वापरून टाकतात. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेते, म्हणून महिनोन्महिने बंद असलेली पोलादी टाकी आतून रिकामी आणि स्वच्छ दिसत असली तरी धोक्याची असू शकते. बांधकामावरच्या टाकीत शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतताना साचा म्हणून लावलेल्या, ओल्या फळ्या कुजत असतील तर त्याही ऑक्सिजन खातात. म्हणूनच ‘ही तर पाण्याची टाकी आहे’ हे वाक्य कोणालाही निर्धास्त करण्यास पुरेसे नाही. जलरोधक लेप किंवा रंग लावण्याचे काम चालू असेल तर द्रावकांच्या वाफांची भर पडते, आणि पाणी उपसण्यासाठी डिझेलचा किंवा पेट्रोलचा पंप टाकीच्या आत उतरवला तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत जीवघेण्या पातळीला पोहोचतो. आपल्याकडे विहिरींत झालेल्या कित्येक दुर्घटनांमागे हेच कारण असते.

सांडपाण्याच्या टाकीत याखेरीज दोन वायू तयार होतात. एक मिथेन, तो हवेपेक्षा हलका असतो आणि हवेत ५ ते १५ टक्के मिसळला गेला की ठिणगीने पेटतो. दुसरा हायड्रोजन सल्फाइड. तो हवेपेक्षा थोडा जड असतो आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, असे मोजतात. दहा पीपीएमच्या वर काम थांबवणे हा सर्वसाधारण दंडक आहे. शंभर पीपीएम ही पातळी जिवाला तत्काळ धोका असलेली मानली जाते. सातशे ते हजारच्या घरात एकदोन श्वासांतच माणूस कोसळू शकतो.

वास आला नाही, मग गॅस कसा असेल?

हा प्रश्न अनुभवी माणसेही विचारतात. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असताना त्याचा वास तीव्र येतो, पण प्रमाण शंभर पीपीएमच्या आसपास गेले की तो गंध टिपणारी संवेदनाच बधिर होते. म्हणजे वास कमी झाला याचा अर्थ वायू कमी झाला असा होत नाही. तो वाढलेला असण्याचीही तितकीच शक्यता असते. कार्बन मोनॉक्साइडला आणि मिथेनला तर वासच नाही. वर्षानुवर्षे हेच काम केलेल्या माणसाचे नाक इतरांपेक्षा तयार असते, ही समजूत या एका बाबतीत सोडून दिली पाहिजे, कारण रोजच्या संपर्काने नाक तीक्ष्ण होत नाही, ते सरावून बोथट होते.

ब्लोअर म्हणजे नेमके काय?

एका मजबूत डब्यात बसवलेला पंखा, त्याला अर्ध्या ते एक अश्वशक्तीची मोटर, आणि पुढे जोडलेला २०० किंवा ३०० मिलीमीटर व्यासाचा लवचीक नळ. इतकेच ते यंत्र आहे. नळाला डक्ट म्हणतात. बहुतेक वेळा तो पिवळ्या किंवा नारिंगी ताडपत्रीसारख्या कापडाचा असतो, त्यात तारेची गुंडाळी असते, आणि दाबून ठेवला की तो अगदी छोट्या पिशवीत मावतो. कामाच्या जागी डक्ट उलगडून त्याचे एक टोक ब्लोअरला पट्ट्याने आवळतात आणि दुसरे टोक मॅनहोलमधून खाली सोडतात. मॅनहोलचे तोंड जेमतेम दोन फूट रुंद असते. त्यात एक फूट व्यासाचा डक्ट सोडला तर माणसाला उतरायला जागाच राहत नाही. म्हणून तोंडापाशी बसेल असा एक चपटा, अर्धचंद्राकार तुकडा मिळतो. हवा त्यातून जाते आणि शिडीची बाजू मोकळी राहते. हा तुकडा नसला की कामगार उतरताना डक्ट बाजूला सारतो किंवा सरळ वर ओढून घेतो, आणि नेमका त्याच क्षणी टाकीत जाणारी हवा थांबते. भाड्याने ब्लोअर आणताना हा तुकडा सोबत आला आहे का, हे पाहणे मला यंत्राच्या ताकदीइतकेच महत्त्वाचे वाटते.

घरातला टेबल फॅन टाकीच्या तोंडावर ठेवून हे काम होत नाही. तो मोकळ्या खोलीतली हवा हलवण्यासाठी बनवलेला असतो. वीस फूट नळातून, दोन वळणे घेऊन हवा रेटण्याएवढा दाब त्याला निर्माण करता येत नाही. शिवाय त्याची उघडी मोटर ओल्या जागी शॉक देऊ शकते आणि वायूजवळ ठिणगी टाकू शकते.

एकदा हवा सोडली की जुनी हवा निघून जात नाही का?

इथे बहुतेकांची समजूत चुकते, म्हणून थोडे थांबून पाहू. टाकीच्या रिकाम्या भागात जेवढी हवा मावते तेवढी नवी हवा आत गेली, याला एक हवाबदल म्हणू. एका हवाबदलाने सगळी जुनी हवा बाहेर पडेल असे वाटते, पण तसे होत नाही. कोकम सरबताने भरलेला ग्लास नळाखाली धरून पाहा. पाणी आत जाते तसे ते सरबतात मिसळते आणि बाहेर सांडते ते मिश्रण. एक ग्लासभर पाणी ओतून झाले तरी आतले सरबत गुलाबीच असते. दोन, तीन, चार ग्लास पाणी गेल्यावर रंग हळूहळू फिका होत जातो. टाकीतही अगदी हेच घडते. हवा नीट मिसळत असेल तर एका हवाबदलानंतर जुन्या हवेचा सुमारे ३७ टक्के भाग आत शिल्लक राहतो, तीन हवाबदलांनंतर ५ टक्के, आणि पाच हवाबदलांनंतर एका टक्क्याहून कमी.

यावरून एक सोपा ठोकताळा जगभर वापरला जातो: माणूस उतरण्यापूर्वी किमान साडेसात हवाबदल. हा आकडा वरकरणी जादा वाटतो, पण टाकीत १,००० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड असेल तर तो १० पीपीएमवर आणण्यासाठीच साडेचारांहून अधिक हवाबदल लागतात, आणि तेसुद्धा हवा सगळीकडे सारखी मिसळली तर. कोपरे, खांब, आडभिंती असलेल्या टाकीत ती तशी मिसळत नाही. साडेसात या आकड्यात त्या उणिवेची भरपाई धरलेली आहे.

अर्धा तास ब्लोअर लावला होता, तो पुरेसा का नव्हता?

कारण वेळ टाकीच्या आकारावरून ठरते, घड्याळावरून नव्हे. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल टाकीत ७२ घनमीटर हवा मावते. ब्लोअरमधून प्रत्यक्षात ताशी १,५०० घनमीटर हवा आत जात असेल तर एका हवाबदलाला तीन मिनिटांच्या आत वेळ लागतो, आणि साडेसात हवाबदल सुमारे बावीस मिनिटांत होतात. इथे अर्धा तास पुरेसा आहे. आता तोच ब्लोअर १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, ४ मीटर खोल टाकीवर लावा. तिचे आकारमान ३८४ घनमीटर. एका हवाबदलाला पंधरा मिनिटांहून अधिक, आणि साडेसात हवाबदलांना जवळजवळ दोन तास. अर्ध्या तासात इथे दोनसुद्धा हवाबदल पूर्ण होत नाहीत. सुरुवातीला १,००० पीपीएम वायू असेल तर अर्ध्या तासानंतरही सुमारे १४० पीपीएम उरतो, म्हणजे जिवाला तत्काळ धोका असलेल्या पातळीपेक्षा अधिक. मुकादमाने आपले काम केलेले असते, ब्लोअर चाललेला असतो, सगळ्यांनी तो पाहिलेला असतो, आणि तरीही टाकी माणूस उतरण्याजोगी नसते.

‘प्रत्यक्षात’ हा शब्द वर मुद्दाम वापरला आहे. ब्लोअरच्या पट्टीवर छापलेला आकडा डक्ट न जोडता, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. डक्ट जोडला की तो घटतो, प्रत्येक काटकोनी वळणाला आणखी घटतो, आणि डक्ट कुठे चेपला किंवा पिळला गेला तर पार कोसळतो. म्हणून डक्ट शक्य तितका लहान आणि ताणून सरळ ठेवायचा, उरलेली गुंडाळी वाटेत तशीच पडू द्यायची नाही. खरा प्रवाह मोजणेही अवघड नाही. वाऱ्याचा वेग मोजणारे छोटे चक्राचे उपकरण डक्टच्या टोकाशी धरले की सेकंदाला किती मीटर ते कळते. ३०० मिलीमीटरच्या डक्टमधून सेकंदाला ६ मीटर वेगाने हवा येत असेल, तर ती ताशी सुमारे १,५०० घनमीटर होते. टोकाच्या निरनिराळ्या जागी मोजून सरासरी घ्यावी, कारण मध्यावर वेग जास्त आणि कडेला कमी असतो.

डक्टचे टोक कुठे असावे, आणि ब्लोअर कुठे?

डक्टचे टोक टाकीच्या तळाजवळ, माणूस जिथे काम करणार तिथे पोहोचले पाहिजे. ते तोंडापासून चारपाच फुटांवर लोंबकळत राहिले तर आत गेलेली हवा तिथूनच वळून बाहेर येते आणि तळाची हवा जागची हलत नाही. वरून पाहणाऱ्याला मात्र तोंडातून जोरात वारा येताना जाणवतो आणि काम उत्तम चालल्याचा भास होतो. टाकीला दुसरे झाकण असेल तर तेही उघडावे, म्हणजे एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर असा सरळ मार्ग मिळतो. आडभिंतींनी कप्पे पाडलेल्या टाकीत प्रत्येक कप्प्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

ब्लोअर स्वतः टाकीच्या तोंडापासून निदान पाच फूट दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवावा. तोंडाला चिकटून ठेवला तर बाहेर पडणारी घाण हवाच तो पुन्हा आत ढकलतो. त्याहून गंभीर चूक म्हणजे तो जनरेटरशेजारी किंवा चालू ठेवलेल्या टँकरच्या धुराड्याजवळ ठेवणे. मग तो ताज्या हवेऐवजी कार्बन मोनॉक्साइड टाकीत भरत राहतो.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र (एसटीपी) तळघरात असेल तर?

ठाण्यातील उंच इमारतींमध्ये हा प्रसंग नेहमीचा आहे आणि त्यावर सगळ्यांत कमी बोलले जाते. सांडपाणी प्रक्रियेच्या टाक्या तळघरात, वाहनतळाच्या एका कोपऱ्यात असतात. तिथे ब्लोअर ठेवून तिथलीच हवा टाकीत सोडली तर टाकीतला वायू तळघरात पसरतो, आणि थोड्या वेळाने ब्लोअर तोच वायू परत ओढू लागतो. टाकीत नवी हवा येतच नाही, आणि धोका टाकीपुरता न राहता गाडी काढायला आलेल्या रहिवाशापर्यंत पोहोचतो. अशा ठिकाणी दोन ब्लोअर लागतात. एकाची ओढणारी बाजू डक्टने वाहने येण्याजाण्याच्या उताराच्या तोंडापर्यंत किंवा जमिनीवरच्या मोकळ्या हवेपर्यंत नेऊन ताजी हवा टाकीत सोडायची. दुसऱ्याने टाकीच्या तोंडाशी येणारी हवा पकडून डक्टवाटे इमारतीबाहेर, खिडक्या आणि माणसांपासून दूर सोडायची. तेवढा काळ तळघरातला तो भाग रहिवाशांसाठी बंद ठेवावा आणि तळघराचे कायमचे पंखे चालू ठेवावेत. हे सगळे जुळवायला अर्धा दिवस जातो, आणि तो जाऊ द्यावा.

ढकलावे की ओढावे?

अनेकांना वाटते की घाण हवा ओढून काढणे हाच सरळ उपाय. पण ढकललेली आणि ओढलेली हवा सारखी वागत नाही. डक्टमधून ढकललेल्या हवेचा झोत टोकापासून दूरवर जातो. व्यासाच्या तीसपट अंतरावरही त्याचा मूळ वेगाच्या दहाएक टक्के वेग शिल्लक असतो. ओढणाऱ्या डक्टचा जोर मात्र टोकापासून एका व्यासाच्या अंतरावरच तेवढा उतरतो. मेणबत्ती फुंकून विझवता येते, श्वास आत ओढून नाही, त्यामागे हेच कारण आहे. म्हणून सर्वसाधारण टाकीत हवा ढकलावी. ओढण्याचा उपयोग तेव्हा, जेव्हा धूर किंवा वाफ एकाच जागी तयार होते, जसे वेल्डिंग किंवा रंगकाम. तिथे डक्टचे तोंड थेट त्या जागेजवळ नेले तर ती वाफ पसरण्याआधीच उचलली जाते.

ओढताना एक धोका असतो. मिथेन किंवा द्रावकाची वाफ थेट मोटरीवरून जाते, आणि साध्या मोटरीची ठिणगी तिला पेटवू शकते. तिथे ठिणगी बाहेर पडू न देणारी, ठेकेदार जिला फ्लेमप्रूफ म्हणतात ती मोटर, किंवा दाबलेल्या हवेवर चालणारा विजेविना ब्लोअर लागतो. डक्टही स्थिर विद्युत साठू न देणारा आणि अर्थिंगला जोडलेला असावा. ढकलतानासुद्धा टाकीत पेटणारा वायू असण्याची शक्यता असेल तर फ्लेमप्रूफच वापरावा, कारण तोंडातून बाहेर पडणारे मिश्रण ब्लोअरपर्यंत पोहोचू शकते. जोडणीला विजेची गळती पकडून पुरवठा तोडणारा स्विच, म्हणजे ईएलसीबी, हवाच. भोवती पाणी सांडलेले असते.

ऑक्सिजन कमी आहे म्हणून सिलिंडरमधला ऑक्सिजन टाकीत सोडण्याचा विचार मनातही आणू नये. ऑक्सिजनचे प्रमाण २३.५ टक्क्यांच्या वर गेले की कपडे, केस, तेलाचे डाग अशा गोष्टी भडकून पेटतात.

झाकण रात्रभर उघडे ठेवले, दिवाही लावून पाहिला. एवढे पुरत नाही का?

झाकण उघडे ठेवणे चांगलेच, पण एका तोंडाच्या खोल टाकीत आतली हवा स्वतःहून फारशी बदलत नाही, विशेषतः तळाची. दिव्याची किंवा मेणबत्तीची परीक्षा तर सोडूनच द्यावी. ज्योत विझते ती ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या आसपास आल्यावर, म्हणजे सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडून गेल्यावर. हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन मोनॉक्साइड तिला कळत नाही. आणि मिथेन असेल तर ती परीक्षाच स्फोट घडवते.

यासाठी चार वायू एकदम मोजणारे हातात मावणारे यंत्र मिळते. ते दोरीने किंवा नळीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी, प्रत्येक पातळीवर दोनएक मिनिटे थांबून वाचायचे; घाईने खालीवर केले तर ते खरा आकडा दाखवण्याआधीच वर आलेले असते. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान, पेटणारा वायू पेट घेण्याच्या किमान पातळीच्या दहा टक्क्यांहून कमी, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या आत आणि कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमच्या आत असला पाहिजे. साडेसात हवाबदलांचा हिशेब हा केवळ अंदाज आहे. निर्णय या यंत्राचा. आकडे जमले नाहीत तर ब्लोअर आणखी चालवायचा, तरीही जमले नाहीत तर उतरायचे नाही.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क इथे उपयोगी नाही. वायू शोषणाऱ्या डब्यांचा चांगला मास्कसुद्धा फक्त गाळतो. जिथे ऑक्सिजनच नाही तिथे तो ऑक्सिजन कुठून आणणार?

हवा स्वच्छ झाली, आता ब्लोअर बंद केला तर?

नाही. गाळ शांत असताना त्यात बराच वायू अडकून असतो. फावडे घातले, पाय रुतला किंवा पाण्याचा फवारा मारला की तो एकदम सुटतो, आणि पाच मिनिटांपूर्वी यंत्राने दाखवलेला आकडा निरर्थक ठरतो. म्हणून शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत ब्लोअर चालू राहिला पाहिजे आणि गॅसचे यंत्र उतरलेल्या कामगाराच्या छातीवर लावलेले असले पाहिजे. वीज गेली, मोटर थांबली किंवा डक्ट निसटला तर आधी माणसे बाहेर, मग दुरुस्ती. ब्लोअरच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, तेव्हा दोरीच्या ओढीचे इशारे आधीच ठरवावेत. जेवणाच्या सुट्टीत ब्लोअर बंद केला असेल तर परतल्यावर हवाबदल आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी.

‘दहा मिनिटांचेच तर काम आहे’ या सबबीला याहून वेगळे उत्तर नाही. सातशे पीपीएमला दहा मिनिटे लागत नाहीत.

आत कोणी कोसळला तर?

वरच्या माणसाने उतरायचे नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संशोधन संस्थेने १९८६ मध्ये बंदिस्त जागांतल्या मृत्यूंबद्दल असे नोंदवले होते की मरण पावलेल्यांत साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते. आपल्याकडच्या बातम्यांतही एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. कळवळ्यापोटी घेतलेली उडी जीव घेते, म्हणून वाचवण्याची तजवीज आधीच करावी लागते: उतरणाऱ्याच्या अंगावर पूर्ण शरीराचा हार्नेस (अंगाला आवळायचे पट्टे), त्याला बांधलेली दोरी, आणि तोंडावर तिपाई व हाताने फिरवायचे चक्र, जेणेकरून वरूनच त्याला ओढून काढता येईल. ब्लोअर चालू असेल तर तो तसाच चालू ठेवावा, बंद पडला असेल तर चालू करावा, आणि लगेच १०१ किंवा ११२ वर अग्निशमन दलाला बोलवावे.

ब्लोअर लावला म्हणजे कायद्याने माणूस उतरवता येतो का?

गटार आणि सेप्टिक टाकीच्या बाबतीत उत्तर सावधपणे वाचावे. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने सुरक्षा साधने आणि खबरदारीविना करवून घेतलेल्या सफाईला धोकादायक सफाई ठरवून ती करवून घेण्यास मनाई केली आहे. ही मनाई पालिकेइतकीच ठेकेदाराला आणि ज्या व्यक्तीने काम दिले तिलाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. या कायद्याखालच्या नियमांतील साधनांच्या यादीत हवेचा ब्लोअर आणि चार वायू मोजणारे यंत्र ही दोन्ही आहेत. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून ३० लाख रुपये केली आणि ही सफाई टप्प्याटप्प्याने पूर्णपणे थांबवण्याचे निर्देश दिले. त्यामुळे पहिला पर्याय नेहमी यंत्राचा: शोषण पंपाचा टँकर, दाबाच्या पाण्याचा फवारा, वरून सोडलेला कॅमेरा. ब्लोअर हा त्या पर्यायाला पळवाट म्हणून वापरू नये. तो पंप बसवणे, झडप दुरुस्त करणे, भिंतीला लेप लावणे अशा, माणसावाचून होतच नाहीत त्या कामांसाठी आहे. आणि टँकर रिकामा करून गेल्यावरही तळाशी उरलेल्या गाळासाठी माणूस उतरवण्याची वेळ आलीच, तर वरची एकही पायरी गाळता येत नाही.

सोसायटीने ठेकेदाराला काय विचारावे?

दर ठरवण्याआधी त्याला टाकीचे आकारमान सांगावे आणि किती मिनिटे हवा सोडणार, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. जो मिनिटांचा आकडा देऊ शकत नाही, किंवा टाकी न पाहताच ‘अर्धा तास बास’ म्हणतो, त्याला हिशेब ठाऊक नाही असे समजावे. गॅसचे यंत्र शेवटचे कधी तपासून घेतले याचा दाखला मागावा, कारण त्यातले संवेदक काळानुसार निकामी होतात आणि निकामी यंत्र बहुधा शून्यच दाखवते. डक्ट तळापर्यंत पुरेल एवढा लांब आहे का, चपटा तुकडा, हार्नेस आणि तिपाई सोबत आली आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वी सेक्रेटरीने स्वतः जाऊन पाहावे. हे पाहायला अभियंता असावे लागत नाही. कामगाराला साधनांशिवाय उतरवले जात असल्याचे दिसले तर काम थांबवण्याचा अधिकार पहारेकऱ्यालासुद्धा द्यावा, आणि सांडपाण्याच्या कामासाठी १४४२० हा मदत क्रमांक त्याच्या टेबलावर लिहून ठेवावा.

टाक्यांचे आकार बदलत नाहीत. तेव्हा प्रत्येक टाकीची लांबी, रुंदी, खोली आणि आकारमान, ताशी १,५०० घनमीटर हवेला साडेसात हवाबदलांसाठी लागणारी मिनिटे, आतल्या कप्प्यांची संख्या आणि दुसऱ्या झाकणाची जागा एकदा काढून, न पुसणाऱ्या रंगाने झाकणाशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवता येतील. पुढच्या वर्षी ठेकेदार बदलला, समिती बदलली, तरी तो आकडा तिथेच राहील.